मिंगेई भांडी जमवायची आहेत? जुन्या जपानी लोकभांड्यांच्या पहिल्या खरेदीसाठी

तोक्योच्या कोमाबा भागात निहोन मिंगेइकान हे लोककलेचं संग्रहालय आहे. १९३६ साली ते सुरू झालं. तिथे मांडलेल्या भांड्यांखालच्या पाट्यांवर मजकूर अगदी मोजका असतो: वस्तू काय, कुठली, साधारण कोणत्या काळातली. कारागिराचं नाव बहुतेकदा नसतंच. जुनी जपानी लोकभांडी जमवू पाहणाऱ्याने हाच क्रम धरावा असं माझं ठाम मत आहे. आधी भांडं बघायचं, मग ते कोणत्या गावचं ते ओळखायला शिकायचं, आणि कारागिराचं नाव अगदी शेवटी. बाजार याच्या बरोबर उलट चालतो. तिथे नाव आधी पुढे केलं जातं, त्या नावाची किंमत लागते, आणि नवख्या माणसाचे पैसे जातात ते तिथेच.

थोडी पार्श्वभूमी हवी, कारण विक्रेते ‘मिंगेई’ हा शब्द वाटेल तसा वापरतात. विचारवंत यानागी सोएत्सू (१८८९–१९६१) आणि हमादा शोजी व कावाई कान्जिरो हे दोन कुंभार यांनी १९२५ च्या अखेरीस हा शब्द घडवला. सामान्य लोकांनी सामान्य लोकांच्या रोजच्या वापरासाठी, हाताने आणि मुबलक संख्येने केलेल्या वस्तू, असा त्यांचा अर्थ होता. यानागींची नजर त्याआधीच कोरियातल्या भांड्यांनी घडली होती. १९१४ मध्ये आसाकावा नोरिताका यांनी त्यांच्याकडे जोसोन राजवटीच्या काळातलं एक पांढरं भांडं भेट म्हणून आणलं, आणि तिथून यानागींचं लक्ष दरबारी कलेवरून साध्या भांड्यांकडे वळलं. या वर्तुळाशी भारताचाही संबंध आला. दिल्लीत पुढे निळ्या भांड्यांचं काम उभं करणारे सरदार गुरचरणसिंग १९१९ मध्ये जपानात शिकायला गेले होते, आणि यानागी, हमादा, इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच या मंडळींशी त्यांचा परिचय तेव्हाचा.

जमवणाऱ्याच्या दृष्टीने बाजारात तीन थर आहेत. पहिला थर एदो (१६०३–१८६८) आणि मेइजी (१८६८–१९१२) काळातल्या निनावी भांड्यांचा: सेतोच्या जाड ‘इशिझारा’ थाळ्या, गोल गोल वेटोळी काढलेल्या ‘उमानोमे’ थाळ्या, दिव्यातून गळणारं तेल धरायच्या बशा, ताम्बाचे रांजण. दुसरा थर विसाव्या शतकात कुंभारगावांनी केलेल्या भांड्यांचा: ओन्ता, कोइशिवारा, माशिको, ओकिनावातलं त्सुबोया, शिमानेतलं फुजिना आणि शुस्साइ, तोत्तोरीतलं उशिनोतो, आइझुतलं होन्गो. तिसरा थर नावाजलेल्या कुंभारांचा: हमादा, कावाई, शिमाओका तात्सुझो, किन्जो जिरो. नव्या माणसाने दुसऱ्या थरातून सुरुवात करावी. पहिल्या थरात नकला फार आहेत आणि तिसऱ्यात किमती फार. दुसऱ्या थरातली भांडी अजून मुबलक मिळतात, आणि ती गावं आजही काम करत असल्यामुळे जुनं भांडं नव्याशी ताडून बघता येतं.

पायरी पहिली: एकच गाव धरा

सुरुवातीला सगळंच आवडतं. पण दहा गावांची दहा भांडी घरात आली तर त्यातून काही शिकायला मिळत नाही. एकाच गावची पाच भांडी शेजारी ठेवली की माती, वजन, काठाची जाडी, सगळं आपोआप दिसायला लागतं.

मी ओन्ता सुचवेन. क्यूशू बेटावर ओइता प्रांतातल्या हिता शहराजवळ, डोंगरात हे गाव आहे. १७०५ मध्ये शेजारच्या कोइशिवाराहून आलेल्या कुंभाराने इथलं काम सुरू केलं. आज नऊ-दहा घरं हे काम करतात आणि विद्या घरातल्या घरातच पुढच्या पिढीकडे जाते. माती डोंगरातूनच खणतात आणि ती कुटायला ‘काराउसु’ वापरतात. हे लाकडी ओंडक्याचं उखळ ओढ्याच्या पाण्यावर चालतं. ओंडक्याच्या एका टोकाला कोरलेल्या खोलगटात पाणी भरतं, ते टोक खाली जातं, पाणी सांडतं आणि दुसरं टोक धाडकन मातीवर आपटतं. हे रात्रंदिवस चालू असतं. एका घाण्याची माती बारीक व्हायला आठवडे लागतात. यानागी इथे १९३१ मध्ये आले, आणि लीच यांनी १९५४ मध्ये काही आठवडे इथे राहून काम केलं. १९९५ मध्ये जपान सरकारने इथल्या कौशल्याला महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला.

जमवणाऱ्याला सोयीची गोष्ट म्हणजे ओन्ताच्या भांड्यावर कुणा एकाची सही नसते. फार तर गावाच्या नावाचा शिक्का. त्यामुळे सहीच्या मागे लागायचा मोहच उरत नाही आणि भांड्याकडेच बघावं लागतं. नक्षीच्या पद्धतीही मोजक्या आहेत. गडद मातीवर पांढऱ्या मातीचा पातळ लेप देतात. मग चाक फिरत असताना लवचीक पोलादी पात्याचं टोक त्यावर टेकवतात. पातं थरथरत उड्या मारतं आणि प्रत्येक उडीला लेपाचा बारीकसा कपचा निघून खालची गडद माती दिसते. ही ‘तोबिकान्ना’. रुंद कुंचल्याने टप्प्याटप्प्याने उठवलेले पट्टे म्हणजे ‘हाकेमे’. याशिवाय काठावरून ओघळत सोडलेलं हिरवं किंवा तपकिरी ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप. हाताने केलेली तोबिकान्ना जवळून पाहिली की खुणांचं अंतर मध्याकडे दाट आणि काठाकडे विरळ होताना दिसतं, मध्येच एखादी खूण चुकलेली असते. साच्यातून छापलेल्या नकलेत सगळ्या खुणा एका मापाच्या निघतात.

इथे एक सावधगिरी. ओन्तामध्ये तोबिकान्ना रुजली ती विसाव्या शतकात. त्यामुळे अशा खुणांची थाळी कुणी ‘एदो काळातली ओन्ता’ म्हणून दाखवली तर काळ चुकीचा आहे हे नक्की समजा. कोइशिवारा आणि ओन्ता वेगळी ओळखणं मात्र मुरलेल्या लोकांनाही जड जातं, कारण मूळ एकच आणि नक्षीही तीच. विक्रेत्याने एकाच्या जागी दुसरं सांगितलं तर त्यात लबाडी असेलच असं नाही.

ओन्ता मनाला भावलं नाही तर माशिको घ्या. तोक्योच्या उत्तरेला असलेल्या या गावी १८५३ मध्ये भट्टी सुरू झाली आणि ती तोक्योच्या स्वयंपाकघरांना भांडी पुरवत राहिली. हमादा १९२४ मध्ये इथे आले आणि कायमचे राहिले. लोहयुक्त दगडाच्या पुडीपासून केलेलं ‘काकी’ हे तांबूस तपकिरी ग्लेझ, तांदळाच्या तुसांच्या राखेचं दुधाळ पांढरं आणि त्यातच तांबं घातलं की येणारं हिरवं, या तीन रंगांवर माशिको ओळखता येतं. डोंगर-पाण्याचं झटपट चित्र काढलेल्या जुन्या चहाच्या किटल्या ही माशिकोची सगळ्यात देखणी वस्तू आहे असं मला वाटतं. ही चित्रं काढणाऱ्या मिनागावा मासु या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दिवसाला शेकडो किटल्या त्यांच्या हाताखालून जात. रोज तेच चित्र काढून आलेली रेषेची बेफिकिरी एकदा डोळ्यांत बसली की जपून, विचार करत काढलेली नक्कल लगेच खटकते.

माशिकोची ओळख करून घ्यायचा सगळ्यात स्वस्त मार्ग रेल्वे प्रवासात आहे. योकोकावा स्टेशनवर १९५८ पासून ‘तोगे नो कामामेशी’ हा भात माशिकोच्या छोट्या झाकणाच्या भांड्यात मिळतो. जेवण झालं की भांडं आपलंच. ते काही संग्रहाची वस्तू नव्हे, पण माशिकोच्या ग्लेझचा हात बसायला उत्तम.

पायरी दुसरी: विकत घेण्याआधी बघा आणि हाताळा

जपानात असाल तर मिंगेइकानशिवाय कुराशिकीचं लोककला संग्रहालय (१९४८), तोत्तोरीचं (१९४९) आणि माशिकोत हमादांनी स्वतःचा संग्रह खुला केला ते संग्रहालय (१९७७) ही ठिकाणं चुकवू नका. मुंबईत राहणाऱ्यांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू बघता येतील. त्या मिंगेई नव्हेत, श्रीमंती थाटाच्या आहेत. पण यानागी कशापासून बाजूला झाले ते त्या बघून नेमकं कळतं.

संग्रहालयात हात लावता येत नाही, म्हणून निवडलेल्या गावचं एखादं नवं भांडं सरळ विकत घ्या. माशिकोत वसंतात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोठी भांडीजत्रा भरते. ते नवं भांडं महिनाभर रोज वापरा. वजन कुठे आहे, ओठाला काठ कसा लागतो, धुताना बूड किती खरखरीत लागतं हे हाताला पाठ झालं पाहिजे. जुनं भांडं तपासताना हेच माप उपयोगी पडतं.

पायरी तिसरी: आधी बूड बघा

दुकानात भांडं दाखवलं की नजर नक्षीवर जाते. सरळ उलटं करा. बुडाची कडी (जपानीत ‘कोदाइ’) सहसा ग्लेझशिवाय असते, म्हणून माती फक्त तिथेच उघडी दिसते. ओन्ताची माती लोखंडामुळे गडद, त्सुबोयाची तांबूस आणि वरून पांढरा लेप, माशिकोची जाडसर आणि वाळू मिसळल्यासारखी. वरून ओन्ता आणि खालून पांढरीफेक गुळगुळीत माती, असं दिसलं तर ते भांडं खाली ठेवा.

मग कडीवरून बोट फिरवा. वर्षानुवर्षं लाकडी फळीवर सरकलेल्या भांड्याची कडी ज्या बाजूने टेकते तिथेच जास्त झिजलेली असते, आणि ती झीज गुळगुळीत लागते. घासकागदाने आणलेली झीज सगळीकडे सारखी असते आणि बोटाला कोरडी लागते. मळाचंही तसंच. खरा मळ खाचाखोचांत, आतवर बसलेला असतो. चहाच्या पाण्यात बुडवून आणलेला मळ सपाट, एकाच छटेचा. सेतोच्या उमानोमे थाळ्यांना मागणी मोठी असल्याने त्यांच्या नकलाही बऱ्याच फिरतात. तिथे थाळीचा आतला भाग तिरप्या उजेडात धरा. खऱ्या वापराचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांना, कमीअधिक खोल असतात.

आतल्या बाजूला ग्लेझ नसलेलं वर्तुळ किंवा चार-पाच ठिपके दिसले तर तो दोष समजू नका. भट्टीत भांडी एकावर एक रचण्यासाठी ती जागा मोकळी ठेवत. त्सुबोयाच्या वाडग्यांत असं वर्तुळ हटकून दिसतं, आणि मला तर ते वर्तुळ वाडग्याचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. एका भट्टीत जास्तीत जास्त भांडी भाजायची या गरजेतून ते आलं आहे.

बुडावर इंग्रजीत ‘जपान’ असा छाप असेल तर ते भांडं निर्यातीसाठी केलेलं. १९२१ नंतर अमेरिकेच्या आयात नियमांमुळे हा छाप रूढ झाला. गावातल्या घरांसाठी केलेल्या भांड्यावर तो नसतो.

पायरी चौथी: दोष ओळखा, आणि कोणता चालेल ते ठरवा

आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो तेच इथेही करा: भांडं तळहातावर मोकळं ठेवून काठावर नखाने हलकेच वाजवा. अखंड भांडं नाद देतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. मात्र कमी भाजलेल्या मऊ मातीचं अखंड भांडंही थोडं बद्द वाजतं, म्हणून एकट्या आवाजावर निर्णय घेऊ नका.

विक्रेत्यांचे काही शब्द माहीत हवेत. ‘न्यू’ म्हणजे काठावरून उतरलेला केसासारखा तडा. ‘होत्सु’ म्हणजे अगदी बारीक टवका, ‘काके’ म्हणजे मोठा. ‘कान्न्यू’ म्हणजे ग्लेझमधलं जाळं. तो तडा नव्हे, माती आणि ग्लेझ थंड होताना कमीअधिक आक्रसल्यामुळे ते पडतं. ‘कामाकिझु’ म्हणजे भट्टीतच आलेला दोष, आणि तो बिनधास्त चालेल. काठावरचा छोटा टवकाही चालेल, किंमत कमी करून मागा. पाणी ठेवायच्या भांड्याला ‘न्यू’ असेल तर घेऊ नका, कारण तो वापराने वाढत जातो.

दुरुस्त्या दोन प्रकारच्या. सोनं किंवा चांदी लावून उघड दिसणारी दुरुस्ती प्रामाणिक असते आणि नीट केली असेल तर भांड्याची शोभा वाढवते. रंग जुळवून लपवलेली दुरुस्ती धोक्याची. तिच्यासाठी खिशात छोटी अतिनील टॉर्च ठेवा. अंधाऱ्या कोपऱ्यात तिचा प्रकाश टाकला की आधुनिक राळ बहुधा आजूबाजूच्या ग्लेझपेक्षा वेगळी चमकते. टॉर्च नसेल तर जिभेने किंवा दाताने हलकेच तपासणारेही आहेत, राळ मऊ आणि कोमट लागते. दुकानात मात्र हे करू नये.

पायरी पाचवी: कुठे घ्यायचं

क्योतोत दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी मंदिराच्या आवारात आणि २५ तारखेला कितानो तेन्मान्गूजवळ बाजार भरतो. तोक्योत सेतागाया भागातला बोरोइची १५-१६ डिसेंबर आणि १५-१६ जानेवारीला असतो. उजाडताच पोचा, रोख पैसे ठेवा. उचलण्याआधी ‘सावात्ते मो ई देसु का’ (हात लावला तर चालेल का) असं विचारा. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, दोन्ही हातांनी धरा, टेबलापासून वीतभरच उचला. किटली कधीही कानाला धरून उचलू नका. कानाचा जोड आधी निसटतो. घासाघीस आपल्याकडच्यासारखी ताणू नका. दोन वस्तू एकत्र घेऊन ‘सुकोशी यासुकु नारिमासु का’ (थोडं कमी होईल का) म्हटलं की बहुतेक वेळा विक्रेता स्वतःच थोडं कमी करतो. निनावी गावठी थाळ्या, वाडगे अशा बाजारात काही हजार येनमध्ये मिळतात.

भारतात बसून घ्यायचं तर जपानी लिलाव-संकेतस्थळं आणि तुमच्या वतीने बोली लावून माल पाठवणाऱ्या मध्यस्थ कंपन्या हा रस्ता. शोध गावाच्या जपानी लिपीतल्या नावानेच घ्या. रोमन लिपीतल्या नावाखाली जे येतं ते बहुधा परदेशी गिऱ्हाइकासाठी किंमत वाढवून ठेवलेलं असतं. बुडाचा, आतला आणि काठाचा जवळून फोटो नसेल तर बोली लावू नका. वर्णनात ‘देन’ असेल तर ते नाव केवळ परंपरेने चिकटलेलं आहे, आणि ‘फू’ असेल तर फक्त त्या शैलीतलं.

हिशोब मांडताना भांड्याच्या किमतीवर थांबू नका. मध्यस्थाचं शुल्क, जपानातली पोचवणी, भारतात पाठवायचा खर्च, आणि या सगळ्यावरचं सीमाशुल्क, कारण ते वस्तूची किंमत आणि पाठवणी मिळून लावलं जातं. जड थाळीचा पाठवणी खर्च थाळीपेक्षा जास्त होणं अगदी नेहमीचं. म्हणून चार-पाच वस्तू मध्यस्थाच्या गोदामात साठवून एकदम मागवा आणि दुहेरी खोक्याची मागणी स्पष्ट लिहून द्या.

पायरी सहावी: नाव आणि पेटी

सहा-आठ महिने हात तयार झाल्यावरच इकडे वळा. हमादांनी इंग्लंडहून परतल्यावर भांड्यांवर सही करणं सोडलं, कावाईंनीही पुढच्या काळात सही केली नाही. मग ओळख पटते ती भांड्यासोबत येणाऱ्या किरी या हलक्या लाकडाच्या पेटीवरच्या लिखाणावरून. कुंभाराने स्वतः लिहिलेली पेटी ‘तोमोबाको’. वारसाने किंवा जाणकाराने नंतर खात्री करून लिहिलेली ‘शिकिबाको’. आणि दुसऱ्याच भांड्याची किंवा मापाने जुळवलेली ‘आवासेबाको’. खऱ्या पेटीत भलतंच भांडं घालून विकणं ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. भांडं पेटीत ठेवून बघा: ते आत डगमगतं का, झाकणावर लिहिलेला प्रकार (वाडगा, फुलदाणी, चहाचा पेला) आणि ग्लेझ आतल्या वस्तूशी जुळतात का, पेटीच्या तळावरचा कडीचा ठसा बुडाएवढाच आहे का.

हमादांचा पेटीसह साधा चहाचा पेला घ्यायचा तरी लाख येनच्या आसपासची तयारी लागते. ओकिनावाच्या किन्जो जिरोंचे कोरीव मासे आणि कोळंबी प्रसिद्ध आहेत, पण त्यांच्या घरातल्या आणि हाताखालच्या मंडळींनीही तेच मासे काढले, म्हणून मासा दिसला की किन्जो असं नव्हे. त्या पैशांत दुसऱ्या थरातली डझनभर उत्तम भांडी येतात, आणि मला विचाराल तर मी तीच घेईन.

पायरी सातवी: घरी आणल्यावर

ही भांडी वापरायला केलेली आहेत, कपाटात ठेवायला नाहीत. अखंड भांडं पहिल्यांदा तांदळाच्या धुवणात मंद आंचेवर उकळी येईपर्यंत ठेवा आणि त्यातच गार होऊ द्या. स्टार्च बारीक छिद्रं भरतो. सोनं लावून जोडलेलं भांडं मात्र उकळू नका. दरवेळी वाढण्याआधी भांडं पाण्यात बुडवून काढा, म्हणजे माती आधी पाणी पिते आणि रस्सा कमी शोषते.

मराठी स्वयंपाकाच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळा. हळद ग्लेझच्या जाळ्यात शिरली की निघत नाही. पांढऱ्या हाकेमेच्या थाळीत वरण वाढलं की पिवळी नक्षी कायमची. अशा थाळीत कोरडं वाढा: भाकरी, थालीपीठ, फळं. दुसरं म्हणजे जुन्या, कमी भाजलेल्या भांड्यांच्या भडक हिरव्या किंवा पिवळ्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं. त्यात चिंच, आमसूल, ताक, लोणचं ठेवूच नका. मायक्रोवेव्ह आणि भांडी धुण्याचं यंत्र दोन्ही वर्ज्य.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बुडावर बुरशीचे काळे ठिपके धरतात. धुतल्यावर भांडं उलटं करून दिवसभर वाऱ्यावर ठेवा, मगच फडताळात, आणि दोन थाळ्यांमध्ये सुती कापड घाला.

प्रत्येक भांड्याची नोंद त्याच दिवशी करा: कुठे घेतलं, विक्रेत्याने काय सांगितलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कोणते दोष, किती पैसे, आणि बुडाचा फोटो. विक्रेत्याचं म्हणणं आणि तुमचं मत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. वर्षभराने तुमचा रकाना वाचताना कुठे मत बदललं ते दिसेल. ओन्ता ओळखीची झाली की पुढचं गाव कोइशिवारा घ्या. तोवर तुमच्याकडे शेजारी ठेवून ताडायला पुरेशी भांडी असतील.